एका बाटलीचे तेल

पावसाळ्यात पिंपळनेरला संध्याकाळ लवकर होते. पश्चिमेकडच्या डोंगररांगा ढगांत बुडतात, पांझरेचे गढूळ पाणी काठ धरून वाहू लागते आणि पेठेतल्या दुकानांत दिवे वेळेआधीच लागतात. चातुर्मासात त्या घरातले जेवण सूर्यास्ताच्या आत आटोपलेले असे. मागचे आवरून झाले की दर शनिवारी आजी ओसरीवर पाट मांडत, शेजारी तेलाची बाटली ठेवत आणि हाक देत, "चला, एकेक जण या."

ते तेल आजींच्या हातचे होते. खोबरेलात मेथ्या, वाळा आणि सावलीत सुकवलेली जास्वंदीची फुले घालायची, मंद आचेवर कढवायचे, फडक्याने गाळून बाटलीत भरायचे. सून म्हणून या घराचा उंबरठा ओलांडला तेव्हापासून त्यांचा हा नेम चुकला नव्हता. मुलगा त्याच तेलावर वाढला. जळगावहून आलेल्या सुनेनेही ते आपले मानले. नऊ वर्षांच्या नातीला तर त्या वासाशिवाय झोप येत नसे, कारण ती आजीच्या कुशीत, आजीच्याच उशीवर निजत असे.

त्या वर्षी आषाढात घरातली तीन डोकी एकाच सुमाराला खाजू लागली.

नातीचा हात अभ्यास करता करता कानामागे जाई आणि मानेवर येऊन थांबे. सुनेच्या खांद्यावर पांढरा भुसा पडे. तिच्या भुवयांत आणि नाकाच्या कडांना लालसर, तेलकट खपल्या दिसत. मुलगा दुकानात हिशेब लिहिता लिहिता पेनच्या टोपणाने कपाळाच्या वरची कड खाजवी. महिन्यातून एकदा त्याचे कान लाल होत आणि पापण्या जड होत. तो म्हणे, रात्रीच्या जागरणाने होत असेल.

आजींनी एका वाक्यात निदान केले. "डोकी कोरडी पडली आहेत. तेल कमी पडते." शनिवारच्या जोडीला बुधवार आला. पुढच्या आठवड्यात सोमवारही आला. बाटली लवकर रिकामी होऊ लागली, खाज मात्र होती तिथेच राहिली. सुनेची तर वाढली.

आजींच्या मायेत उणे काही नव्हते. उणे होते ते पाहणे. तीन डोकी त्यांच्या मांडीजवळ येऊन गेली. बोटांनी तेल चोळले, पण केस बाजूला करून खाली काय आहे हे उजेडात कोणी पाहिले नाही. खाज ही दारावरची थाप असते. थाप मारणारा पाहुणा आहे की चोर, हे दार उघडल्यावाचून कळत नाही. जुन्या वैद्यांना हे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत डोक्याच्या कोंड्याला 'दारुणक' म्हटले आहे आणि डोक्यात येणाऱ्या पुटकुळ्यांना 'अरूंषिका' हे निराळे नाव दिले आहे. नावे वेगळी, कारण विकार वेगळे आणि म्हणून उपचारही वेगळे.

खाजवल्याने बरे वाटते, त्यामागेही एक फसवणूक आहे. नखाने ओरखडा उठतो, त्याची बारीक वेदना होते आणि ती वेदना खाजेची जाणीव काही क्षण दाबून टाकते. हात थांबला की खाज परतते. तोवर त्वचा सोलवटलेली असते, म्हणून ती पहिल्यापेक्षा जास्त खाजते. नखांखालचे जंतू त्या ओरखड्यांत शिरले की खाजेचे रूपांतर जखमेत होते. नातीच्या बाबतीत हेच घडायचे होते.

श्रावण लागला त्या सुमारास शाळेच्या डायरीत एक ओळ लिहून आली : मुलीच्या केसांकडे लक्ष द्यावे. त्याच दिवशी नातीची शेजारीण मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती. नातीने ते घरी सांगितले नाही. तिने फक्त आईला विचारले, "मी घाण आहे का गं?"

त्या रात्री सुनेने मुलीला दिव्याखाली बसवले आणि केसांच्या बटा एकेक करून उचलल्या. कानांमागे आणि मानेच्या वर, केसांच्या मुळांजवळ पांढुरके बारीक दाणे होते. तिने फुंकर मारली, ते उडाले नाहीत. चिमटीत धरून ओढले, सहज सरकले नाहीत. कोंडा असता तर झडला असता. लीख मात्र केसाला डिंकाने चिकटवल्यासारखी असते. मग एक करड्या रंगाची, तिळाएवढी ऊ उजेडापासून दूर पळताना तिला दिसली.

दुसऱ्या दिवशी सल्ल्यांना तोटा नव्हता. भांडी घासायला येणारी बाई म्हणाली, "सीताफयना बिया वाटीसन लावा, दोन दिनमा साफ!" खानदेशात सीताफळाला कमी नाही आणि हा उपाय घरोघरी ठाऊक आहे. तो उवांवर चालतो हेही खरे. पण त्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते, असह्य आग होते आणि नजरेला धोका पोचू शकतो, हे सहसा कोणी सांगत नाही. शेजारणीने रॉकेल सुचवले. रॉकेलने त्वचा भाजते, आणि तसे डोके घेऊन मूल चुलीजवळ किंवा निरांजनाजवळ गेले तर काय होईल, याचा विचारही करवत नाही. आणखी एकीने सांगितले, केसच उतरवा.

सुनेने यांतले काहीच केले नाही. ती औषधाच्या दुकानातून उवा मारण्याच्या औषधाची बाटली घेऊन आली. ती बाटली टेबलावर ठेवली तेव्हा आजी माळ फिरवत होत्या. त्यांनी माळ थांबवली.

"हे या घरात लागायचे नाही."

"बाई, पोरीला रात्र रात्र झोप नाही."

"तेल लावू, विंचरू. पण मारायचे औषध नको. त्रींद्रिय जीव आहे तो. त्याला स्पर्श आहे, चव आहे, गंध आहे. आपल्यासारखाच त्यालाही जीव प्यारा आहे."

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी लहानपणापासून कितीतरी चातुर्मासांत व्याख्यानातून ऐकली होती. गुजरातेत बाराव्या शतकात कुमारपाल राजा होता. हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने त्याने राज्यात जीवहत्येला बंदी केली. तरीही एका श्रीमंत व्यापाऱ्याने हातात आलेली ऊ चिरडली. त्याला पाटणला आणून राजासमोर उभे केले आणि त्याच्या संपत्तीतून एक मंदिर बांधवले. त्या मंदिराचे नाव 'यूकाविहार', म्हणजे उवेच्या नावाचे मंदिर. मेरुतुंगाचार्यांच्या प्रबंधचिंतामणीत ही कथा आली आहे. तो ग्रंथ विक्रम संवत 1361 मधला. एका उवेसाठी मंदिर उभे राहिले असे जिथे सांगितले गेले, त्या परंपरेतल्या बाईने घरात विषाची बाटली कशी येऊ द्यावी?

सून गप्प राहिली. तिला उत्तर सुचले नाही असे नव्हे. सासूबाईंच्या आवाजात हट्ट नव्हता, श्रद्धा होती. हट्टाशी भांडता येते, श्रद्धेशी भांडणे अवघड असते. बाटली कपाटाच्या माथ्यावर गेली आणि तिथे तिच्यावर धूळ बसू लागली.

पुढचे काही दिवस वाईट गेले. आजी रोज तेल लावत आणि रुंद दातांच्या कंगव्याने विंचरत. त्या कंगव्याच्या दोन दातांमधून उवा आरामात निसटून जात. नात रात्री झोपेत खाजवी. सकाळी तिच्या नखांत रक्त दिसे.

गावात साध्वीजींचा चातुर्मास होता. नात आजीबरोबर उपाश्रयात जाई. संवत्सरीच्या आत साध्वीजींचा लोच व्हायचा असतो. हाताने केस उपटायचे, वस्तरा नाही की कात्री नाही. लोच म्हणजे काय, हे नातीने विचारून घेतले होते. एका संध्याकाळी पाटावर बसताना ती शांतपणे म्हणाली, "आजी, माझा पण लोच करा ना. म्हणजे उवा पण मरणार नाहीत आणि मला पण खाजणार नाही."

आजींचा हात बाटलीवरच राहिला. तप म्हणून साधू जे स्वतःहून स्वीकारतात, ते नऊ वर्षांचे मूल सुटका म्हणून मागत होते. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी तेल लावले नाही.

दोन दिवसांनी मुलीला ताप भरला. मानेत मागच्या बाजूला अवधाण आले, सुपारीएवढी दुखरी गाठ. कानामागच्या केसांत पिवळ्या खपल्या धरल्या होत्या आणि त्यांखालून पू येत होता. सकाळी पहिल्या गाडीने चौघेही साक्रीमार्गे धुळ्याला निघाले. आजींना कोणी या म्हटले नव्हते. त्या स्वतःहून येऊन बसल्या.

धुळ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मुलीला तपासायला वेळ घेतला. भिंग घेतले, दिवा जवळ ओढला, बट न् बट पाहिली. मग म्हणाले, "खाजवून खाजवून जखमा पिकल्या आहेत. आधी त्या बऱ्या करू. त्यासाठी पोटात घ्यायचे औषध देतो. उवांचे नंतर पाहू, पण पाहायचेच आहे." आणि मग आईवडिलांकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही या दिव्याखाली."

तिथे ती तीन डोकी प्रथमच वेगवेगळी झाली.

सुनेच्या डोक्यात एकही लीख नव्हती. तिला कोंड्याचा, म्हणजे सेबोऱ्हिक डर्मेटायटिसचा त्रास होता. 'मॅलेसेझिया' नावाची एक सूक्ष्म बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर राहते. तिचे खाद्य म्हणजे त्वचेचे तेल. ते पचवताना ती जी आम्ले मागे सोडते, त्यांनी काहींच्या त्वचेचा दाह होतो, पेशी भराभर झडतात आणि कोंडा पडतो. म्हणजे हा कोंडा कोरडेपणाचा नव्हता, तेलकटपणाचा होता. आठवड्यातून तीनदा मुरवलेले खोबरेल हे त्या बुरशीला घातलेले जेवणच होते. भरीला बोअरचे जड पाणी आणि अंगाचा साबण. क्षारयुक्त पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि तो केसांच्या मुळांशी बसतो. डॉक्टरांनी रात्रभर तेल ठेवणे बंद करायला सांगितले. किटोकोनॅझोलचा शॅम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, केसांपेक्षा त्वचेला लावायचा, पाच मिनिटे ठेवायचा आणि मग धुवायचा. लावला आणि लगेच धुतला तर उपयोग नाही. "हा विकार पुन्हा डोके वर काढतो," त्यांनी बजावले. "पुन्हा आला तर घाबरू नका, पुन्हा हेच करा."

मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "केस काळे करता?" तो ओशाळला. महिन्यातून एकदा तो काळी मेंदी लावीत असे. मेंदीच ती, पाल्याची, असे म्हणून निर्धास्त होता. पण खऱ्या मेंदीचा रंग तांबूस येतो. काही मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या पुडीत बहुधा 'पीपीडी' नावाचे रसायन मिसळलेले असते. ते वर्षानुवर्षे सोसते आणि एके दिवशी शरीर ते नाकारते. मग लावल्यावर एकदोन दिवसांनी कान, कपाळाची कड आणि पापण्या सुजतात. म्हणून त्याला त्या सुजेचा आणि रंगाचा संबंध कधी लागलाच नव्हता. उपाय सोपा होता, रंग बंद. एकदा असे झाले की पुन्हा तो रंग लावू नये, पुढची सूज पहिल्याहून मोठी असू शकते. ज्यांना रंग लावायचाच आहे त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून 48 तास वाट पाहावी.

"आणि आजी?" डॉक्टर म्हणाले.

"मला काही नाही. मला कधी खाज सुटत नाही."

"तरी बसा."

आजींचा लहानसा पांढरा अंबाडा सुटला. डॉक्टरांनी भिंग धरले. काही क्षण कोणी बोलले नाही. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, तुमच्या डोक्यातही आहेत."

उवेच्या चाव्याने खाज सुटत नाही. तिच्या लाळेची शरीराला ॲलर्जी झाली की सुटते. पहिल्यांदा उवा झालेल्या माणसाला खाज जाणवायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि काहींना ती जाणवतच नाही. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. त्यासाठी दोन डोकी एकमेकांना लागावी लागतात. एका उशीवर निजणाऱ्या आजी-नातीत कोणाकडून कोणाकडे गेल्या, हे सांगणे अशक्य होते. शाळेतून नातीकडे आणि नातीकडून आजीकडे, हे अधिक संभवते. पण मुलीला औषध लावून घरी आणले असते, तरी त्याच रात्री त्याच उशीवर ती पुन्हा उवा घेऊन उठली असती.

परतीच्या वाटेवर आजी खिडकीबाहेर पाहत होत्या. अस्वच्छतेची लाज ही त्यांची पहिली भावना होती, आणि ती चुकीची होती. उवांना स्वच्छ डोके आणि मळके डोके सारखेच. दुसरी भावना मात्र खोल गेली. ज्या त्रींद्रिय जीवासाठी त्यांनी बाटली अडवली, तो जीव त्यांच्याच केसांत नांदत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. जयणा म्हणजे डोळे उघडे ठेवून वागणे, पाणी गाळणे, धान्य निवडणे, पाऊल पाहून टाकणे. म्हणजे जीव उत्पन्न होण्याआधीच जपायचे, झाल्यावर तंटा करायचा नाही. हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. तांदळातला किडा त्या दिवसाउजेडी निवडून सुपातून अलगद बाजूला ठेवीत. मग नातीचे डोके दिवसाउजेडी का निवडले नाही? शास्त्राने हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. एक ऊ मरू नये म्हणून जपलेल्या हातांनी एका पंचेंद्रिय लेकराला पू होईपर्यंत दुखू दिले, तो प्रमादच नव्हता का?

घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या माथ्यावरची बाटली स्वतः खाली काढली, पुसली आणि सुनेच्या हातात दिली. "तुला योग्य वाटेल ते कर. मी आता नाही म्हणणार नाही."

सुनेने बाटली घेतली. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बाई, डॉक्टरांनी दुसरी वाटही सांगितली आहे. पण ती चिकाटीची आहे. एक दिवस चुकला तरी सगळे वाया. जमली नाही तर मात्र औषध."

ती वाट म्हणजे फणी. बारीक दातांची, दोन दातांत केसाहून थोडी अधिक जागा असलेली. हे साधन किती जुने आहे याची कल्पना आली तर आश्चर्य वाटते. इस्राएलमध्ये लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात 2016 मध्ये एक हस्तिदंती फणी सापडली. सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची. एका बाजूला गुंता सोडवायचे सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला लिखा काढायचे चौदा बारीक दात. तिच्यावर सतरा अक्षरे कोरलेली आहेत, हे पुढे कितीतरी काळाने ध्यानात आले आणि 2022 मध्ये ते वाचन प्रसिद्ध झाले. त्या अक्षरांत एवढीच इच्छा व्यक्त केली आहे की, या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात. कनानी लिपीतले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य. त्या वाक्यात राजाचे नाव नव्हते की देवाची स्तुती नव्हती. होती ती खाजणाऱ्या डोक्याची तक्रार. नातीला शाळेत जी लाज वाटली, ती माणसाइतकीच जुनी आहे.

जखमा सुकल्यावर विंचरणे सुरू झाले. दिवस ठरलेले : पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा. सतराव्या दिवशी तपासणी. या हिशेबाला कारण आहे. लीख फुटून पिल्लू बाहेर यायला साधारण आठवडा लागतो आणि ते पिल्लू मोठे होऊन अंडी घालायला आणखी आठवडाभर. मधल्या काळात दर चार दिवसांनी विंचरले की पिढी पुढे सरकत नाही. एकदाच विंचरून थांबणारे किंवा औषधही एकदाच लावून थांबणारे इथेच फसतात. औषधालासुद्धा सात ते दहा दिवसांनी दुसरी पाळी द्यावी लागते.

आजी खिडकीजवळ बसत. नातीचे केस धुऊन ओलेच ठेवलेले, त्यांना भरपूर कंडिशनर चोपडलेला. ओल्या, निसरड्या केसांत ऊ पळू शकत नाही. एकेक बट घ्यायची, फणी मुळाला टेकवायची, टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या सुती फडक्यावर पुसून पाहायची. पाऊण तास लागे. मग आजी पाटावर बसत आणि सून त्यांचे केस विंचरी. लग्नानंतर इतक्या वर्षांत सासूच्या केसांना सुनेचा हात प्रथमच लागत होता.

फडक्यावर आलेल्या उवा आजींनी चिरडल्या नाहीत. फडके त्या परसातल्या सावलीत नेऊन ठेवीत. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की, डोक्याबाहेर ऊ एकदोन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. आजींनी स्वतःची फसवणूक करून घेतली नाही. मारले नाही याचे समाधान त्यांना होते, जगवले असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. गृहस्थाच्या वाट्याला पूर्ण निर्दोष वाट क्वचितच येते. कमी दोषाची वाट येते आणि ती डोळे उघडे ठेवून चालावी लागते. घरात प्रत्येकाची उशी, टॉवेल आणि कंगवा वेगळा झाला. शाळेत जाताना नातीची वेणी घट्ट बांधली जाऊ लागली. शाळेतल्या बाईंना सुनेने जाऊन मोकळेपणाने सांगितले, म्हणजे इतर घरांतही पाहिले जावे.

तेराव्या दिवशी फडके जवळजवळ कोरे राहिले. सतराव्या दिवशी पूर्ण कोरे.

त्या घरात तीन कारणे निघाली, पण डोके खाजण्याची कारणे तेवढ्यावर संपत नाहीत. हिवाळ्यात कढत पाण्याने आणि रोजच्या शॅम्पूने त्वचा खरोखरच कोरडी पडते. तिथे नहाण्याआधी तासभर लावलेले खोबरेल उपयोगी पडते, म्हणजे आजींचे तेल निकामी नव्हते, त्याची जागा ठरलेली होती. शिकेकाई आणि रिठ्यातही फेस करणारी द्रव्ये असतात. ती केसांत राहून गेली तर खाज आणतात, म्हणून भरपूर पाण्याने धुवावी. केसांच्या रेषेपलीकडे आलेले जाड, चंदेरी खवल्यांचे चट्टे आणि सोबत कोपर-गुडघ्यांवरही तसेच काही दिसले तर ते सोरायसिस असू शकते. मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा, त्यात तुटलेले केस आणि खपल्या असतील तर तो नायटा असू शकतो. त्याला नुसता मलम पुरत नाही, पोटात औषध घ्यावे लागते, आणि दिरंगाई झाली तर तिथे केस पुन्हा उगवत नाहीत. ताप, पू, मानेतली गाठ, चट्ट्याने केस जाणे किंवा दोनतीन आठवडे काळजी घेऊनही न थांबणारी खाज, यांपैकी काहीही दिसले तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

तोवर आराम मिळावा म्हणून करण्यासारखे थोडेच आहे, पण ते खरे आहे. नखे कापून ठेवावी. कोमट पाण्याने धुवावे, कढत नको. खाज अनावर झाली तर थंड पाण्यात पिळलेले फडके डोक्यावर ठेवावे आणि खाजवण्याऐवजी तळव्याने दाबावे. लिंबाचा रस, बेकिंग सोडा असले तिखट-खारट प्रयोग सोलवटलेल्या त्वचेवर करू नयेत. आणि सर्वांत आधी, उजेडात बसवून, केस बाजूला करून पाहावे.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमण झाले. रीतीप्रमाणे धाकट्यांनी मोठ्यांच्या पाया पडून क्षमा मागितली. दुकानदार मुलाच्या कानशिलांवर आता पांढरे केस दिसू लागले होते. "शेट, एकाएकी म्हातारे झाले," असे गिऱ्हाइके चिडवीत, आणि तो हसून म्हणे, "खाज गेली, वय आले." सुनेच्या खांद्यावर भुसा नव्हता. नात आजीसमोर वाकली तेव्हा आजींनी तिचे खांदे धरून तिला मध्येच थांबवले आणि आधी स्वतः हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं, बेटा. मी पाहिलेच नाही."

नातीला नेमके काय म्हणायचे ते कळले नाही. तिने आजीच्या गळ्यात हात टाकले आणि विचारले, "आज तुझ्या उशीवर झोपू?"

"माझ्याशेजारी झोप," आजी म्हणाल्या. "उशी मात्र तुझी तुझी."